शोळावरमची गाडी

काशिनाथ देशमाने याने उभ्या आयुष्यात एकही गाडी दुरुस्त केली नव्हती. नापास मात्र हजारोंनी केल्या होत्या. तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या एका कारखान्यात तो तपासनीस. लाइनवरून उतरलेल्या गाडीचं दार दीड मिलिमीटर वर असलं, की लावली त्याला लाल पट्टी आणि वळला पुढच्या गाडीकडे. दुरुस्त करणारे वेगळे लोक असतात. हे सगळं त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात कनकाअक्कांना नीट समजावून सांगितलं होतं. पण ‘गाड्यांचा कारखाना’ हे दोन शब्द कानावर पडल्यावर बाईंनी पुढचं काही ऐकून घेतलं असेल तर शपथ!

“तूं गाड्या करतोस ना? मग मजकडे एक आहे. ती चालती करून दे,” अक्का म्हणाल्या.

अक्का त्र्याहत्तर वर्षांच्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, जन्म मैलापुरात गेलेला, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी ऐकली की सांगलीच्या काशिनाथला कुणीतरी बखर वाचतंय असं वाटायचं, आणि बखर वाचणाऱ्याला मधेच ठसका लागावा तसं तमिळ यायचं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण वडीलधाऱ्या बाईने हातावर तिळगूळ ठेवून काही मागितलं तर नाही कसं म्हणतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी त्याने गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

घरातले सगळे तिला ‘सुब्बाची गाडी’ म्हणत. सुब्बा म्हणजे अक्कांचा थोरला भाऊ, पेरंबूरला रेल्वेत फिटर होता, आता हयात नाही. हेराल्ड गाडीचा सांगाडा आणि इंजिन घेऊन त्याने घरामागच्या शेडमध्ये १९७३ साली हाताने ठोकून ही दोन सीटांची, बिनटपाची शर्यतीची गाडी केली होती. शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे ती तीन वर्षं धावली. मग शेडमध्ये शिरली ती आजतागायत बाहेर आली नाही.

शेडमध्ये घुशींनी सीटच्या काथ्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते. तळाच्या पत्र्यातून खालची फरशी दिसत होती. आणि पुढच्या लोखंडी नळीला तर मूठ जाईल एवढं भगदाड. हे कशाने झालं म्हणून त्याने विचारलं, तर अक्का अभिमानाने म्हणाल्या, “आयुधपूजेचा नारळ. एक वर्ष चुकविलें नाही.” बोला आता! जवळजवळ पन्नास वर्षं गाडी एकदाही सुरू केली नाही, चाकात हवा भरली नाही, पण दर वर्षी तिच्या त्याच नळीवर नारळ फोडायचा, पाणी तिथेच जिरू द्यायचं, वर हळद-कुंकू आणि चंदनाचा लेप. तेलाचा एक थेंब घातला असता तर देव रागावला असता काय, असं काशिनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते चहाबरोबर गिळलं.

तो त्याच दिवशी पळून गेला असता. पण तेवढ्यात गुरुमूर्ती आला. गुरुमूर्ती सुब्बाचा मुलगा, बँकेतला अधिकारी, बोलायला गोड. घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, राहुकाळ लागायच्या आत, म्हणजे साडेचारच्या आत किल्ल्या द्यायच्या. अक्का अड्यारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. आणि गाडी जाणार होती समुद्राकाठच्या एका हॉटेलात.

“तिथें तिचें काय करणार, तें सांग ना ह्याला,” अक्का म्हणाल्या.

गुरुमूर्ती जरा ओशाळला. “इंजिन काढणार. त्या जागी बर्फ भरणार. बुफेला सॅलड मांडायला.”

“ऐकलेंस? काकडी!” अक्का अशा कडाडल्या की शेडवरचे कावळे उडाले.

“पण आत्या, ठेवून करणार काय? तू चालवणार आहेस का आता?”

“चालवीन. तुझ्या डोळ्यांदेखत गेटाबाहेर नेईन. नेली तर माझी. नाही तर भर तुझी काकडी.”

गुरुमूर्ती हसून ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाला. काशिनाथने जायला उचललेली बॅग खाली ठेवली. कारण विचाराल तर काकडी. हाताने ठोकून केलेल्या गाडीत काकडी, ही कल्पना त्याला सहनच झाली नाही.

मग सुरू झाले त्याचे हाल. वेलचेरीहून दर रविवारी मैलापूर. पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हेराल्डचा कार्बोरेटर म्हणून जे मिळालं ते तिसऱ्या खेपेला एका जीपचं निघालं. बदलून मागितलं तर दुकानदार म्हणतो, बसवून बघा, बसेल! पेट्रोलची टाकी झाळली, ती दुसरीकडून गळू लागली. दुसरीकडून झाळली, तर पहिली झाळ सुटली. वायरी घुशींनी खाल्लेल्या. नव्या ओढल्या, तर दिवा लावला की हॉर्न वाजायचा. एकदा तर तो भर उन्हात गाडीखाली पडल्या पडल्या मोठ्याने ओरडला, “मला नको ही गाडी!” त्यावर बाहेरून अक्कांचा शांत आवाज आला, “तुज कोण देतो आहे?”

घरी बायकोने, स्वरदाने, बोलणंच टाकलं होतं. “गाडीच्या खाली झोपायला तिकडेच गादी ने,” असं एकदा म्हणाली, तेवढंच.

त्यात अक्कांची देखरेख. दर खेपेला खुर्ची टाकून समोर. चालताना त्या एका बाजूला झुकत, एक हात भिंतीला लावत यायच्या. सत्तरीतल्या बाईचे गुडघे, म्हणून काशिनाथच त्यांना खुर्ची आणून द्यायचा. गाडीत एकदा बसून तरी बघा, असं त्याने दोन-चारदा म्हटलं. “सुरू होईल तेव्हां बसेन. बंद गाडींत बसायला मी काय मूर्ती आहे?” हे ठरलेलं उत्तर.

आणि सुब्बा! त्या माणसाचा काशिनाथला मनस्वी राग येऊ लागला होता. फिटर म्हणवत होता, पण गाडीत एक गोष्ट सरळ असेल तर शपथ. आरसा वाकडा, स्टिअरिंगचं चाक हातभर पुढे आलेलं. काशिनाथने एकेक सुटा भाग घरी नेला, माप घेतलं, कारखान्याच्या शिस्तीने सरळ करून आणून बसवला. करता करता त्याला चक्क बरं वाटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीतरी पास करण्याच्या लायकीचं बनवत होता. मेच्या तिसऱ्या रविवारी इंजिन खोकलं, थुंकलं आणि सुरू झालं. अक्कांनी पदराने डोळे पुसले. काशिनाथनेही पुसले, त्याच्या डोळ्यांत मात्र धूर गेला होता, असं त्याचं म्हणणं.

शेवटचा रविवार उजाडला. शेजारची सीट अजून गादीवाल्याकडे, गिअरबॉक्सवरचं झाकण रंगवाल्याकडे; पण चालवणाऱ्याची सीट त्याच सकाळी बसली होती आणि इंजिन गुरगुरत होतं. गेटाबाहेर हॉटेलचा टेम्पो येऊन उभा होता. चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना अक्का चपला काढून, गाडीला नमस्कार करून आत बसल्या. दोन्ही हात चाकावर ठेवले. उजवा पाय ब्रेकवर. मग डाव्या पायाने खाली चाचपडू लागल्या. खूप वेळ चाचपडल्या.

“क्लच कुठें आहे?”

“आहे की. ब्रेकच्या शेजारी.”

“शेजारी कां आहे?”

हा काय प्रश्न झाला? “तो वाकडा होता, अक्का. चांगला वर आलेला, त्यावर लोखंडाचा एक ठोकळा कुणीतरी झाळलेला. मी ठोकळा कापून टाकला, दांडी सरळ करून घेतली. आता बघा, दोन्ही पेडल अगदी एका रेषेत.”

 अक्कांनी लुगड्याचा काठ थोडा वर घेतला आणि डावा पाय ताणून पुढे केला. तो उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड होता. मनगटाएवढी पोटरी.

“चवथ्या वर्षीं पोलिओ झाला,” त्या म्हणाल्या. “सुब्बाने मज स्वयंपाकघरांत पाटावर बसवून, दोऱ्याने माप घेऊन गाडी केली.”

“म्हणजे शर्यतीत तुम्ही होतात?”

“मग काय सुब्बा? त्याला सायकल धड येत नव्हती!”

काशिनाथला गाडीच्या त्या तळातून आपण खाली जावं असं वाटलं. आरसा, चाक, पेडल. जे जे त्याने पाच महिने शिव्या देत सरळ केलं, ते सगळं या बाईच्या मापाचं होतं. “मला सांगितलं का नाही तुम्ही?” तो जवळजवळ ओरडलाच.

“विचारलेंस कधीं? ह्याचें माप, त्याचें माप. माझें घेतलेंस?”

 रविवार, आजूबाजूची वेल्डिंगची दुकानं बंद. कापलेला ठोकळा केव्हाच भंगारात गेलेला. त्याने धावत जाऊन सरपणातला एक लाकडाचा तुकडा आणला, काथ्याने पेडलला करकचून बांधला. अक्कांनी दाबला, तो फिरून ब्रेकखाली अडकला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. काढला, तारेने बांधला. या वेळी तो दाबताच निसटून पायावर पडला. अक्का कळवळल्या, पण उतरल्या नाहीत. सव्वाचार झाले. टेम्पोवाले दोर सोडू लागले.

गुरुमूर्ती जवळ आला. त्याचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोला. “आत्या, राहू दे. काशिनाथ सार चालवतील बाहेर. मी तसंच धरतो.”

“तूं धरशील,” अक्का म्हणाल्या. “मी नाही धरणार.” आणि चाक घट्ट धरून समोर बघत बसल्या. 

काशिनाथने घड्याळ बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि मग तो दुसऱ्या बाजूने गाडीत शिरला. सीट नव्हतीच. तो सरळ पत्र्यावर कुशीवर आडवा झाला, पाय दाराबाहेर, आणि उघड्या गिअरबॉक्सवरून दोन्ही हात पलीकडे घालून त्याने क्लचचं पेडल पकडलं. गिअरबॉक्स तव्यासारखा तापला होता. कोपर भाजलं तसा त्याच्या तोंडून एक अस्सल सांगलीचा शब्द निघाला.

“दाबतो मी. तुम्ही सांगा.”

अक्कांनी गिअरच्या दांड्याला हात घातला. मग म्हणाल्या, “डोकें मागें घे. गिअर टाकायचा आहे.”

इंजिन सुरू झालं. “दाब!” त्याने अंगातलं सगळं बळ लावून दाबलं. “सोड. हळू! हळू म्हटलें, अय्यो!” गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. “माती खाल्लीस,” अक्का म्हणाल्या. पुन्हा सुरू. “दाब. आतां केसाएवढें सोड. आणखी केसाएवढें.” काशिनाथला दिसत होतं ते फक्त गंजाचे डाग, वायरी आणि अक्कांचे पाय. पत्रा त्याच्या कानाखाली हलला. पुढची चाकं उंबऱ्यावर चढली, उतरली. मग मागची चढली आणि उतरली. टेम्पोवाल्यांची शिट्टी ऐकू आली. गुरुमूर्ती तमिळमध्ये मोठ्याने काहीतरी ओरडला, तो आवाज मागे पडला.

“अक्का, आलो बाहेर! झालं, थांबवा आता!”

 इंजिनाचा आवाज चढत गेला.

“दाब!”

त्याने दाबलं. दुसरा गिअर त्याच्या कानाला घासून पडला. रिक्षावाले हॉर्न देत होते, कुणीतरी ‘पाट्टी! पाट्टी!’ म्हणून आजीबाईंना हाका मारत होतं, आणि आपले पाय अजून दाराबाहेर आहेत हे काशिनाथला आठवलं. ते त्याने कसेबसे आत घेतले. हात आखडले होते, कोपर चुरचुरत होतं, बाईंना शिव्या द्याव्यात की हसावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात त्याची नजर त्यांच्या डाव्या पायावर गेली. तो पाय स्वस्थ नव्हता. पेडलच्या चार बोटं अलीकडे, नुसत्या हवेत, तो दाबत होता आणि सुटत होता. ‘दाब’ म्हणायच्या आधी क्षणभर खाली जायचा. सोडताना अगदी केसाकेसाने वर यायचा. पन्नास वर्षांत तो काही विसरला नव्हता.

काशिनाथने मग ‘दाब’ची वाट बघायचं सोडलं. पाऊल खाली गेलं की तो दाबत होता, वर आलं की सोडत होता, आणि गाडी समुद्राच्या दिशेने एकही हिसका न खाता चालली होती.