डागांच्या ब्लॉगखालचे टेबल

मित्रांनो, ब्लॉगची गोष्ट खरे तर ब्लॉगनेच सांगायला हवी. पण ब्लॉगला कान नसतात. मला आहेत असेही नाही, पण ज्या खोलीत हा सगळा कारभार झाला तिच्या मधोमध मी उभा होतो आणि हलता येत नसल्यामुळे माझ्याकडून एकही शब्द निसटला नाही. मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. पलंगाएवढे लांब, कमरेएवढे उंच. स्वतःबद्दल बोलताना मी थोडा फुगतो, तेवढे चालवून घ्या.

सुताराने मला या खोलीतच जोडले. मालकीणबाईंना मोठी चादर घडी न घालता पसरता येईल असे टेबल हवे होते, आणि दार होते अरुंद. म्हणून फळ्या एकेक करून आत आल्या आणि मी आत जन्मलो. हा बाहेर कसा जाणार, हे तेव्हा कुणाला सुचले नाही. अंगावर जाड ब्लँकेट, त्यावर ताणून बसवलेली पांढरी चादर आणि उजव्या हाताला इस्त्री ठेवायची लोखंडी जाळी, हा माझा पोशाख.

मालकीणबाईंची लाँड्री लहान होती, पण डाग काढण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. शाईचा डाग असो, गंजाचा असो की तेलाचा, त्या कपडा माझ्यावर पसरायच्या, डाग उलट्या बाजूने बघायच्या, वास घ्यायच्या आणि मग "निघेल" किंवा "नाही निघणार" एवढेच म्हणायच्या. "बघू" हा शब्द त्यांच्या दुकानात मिळत नसे. गिऱ्हाईक कपडा न्यायला आले की तो खिडकीशी धरून डागाची जागा शोधायचे आणि सापडली नाही की हसायचे. त्या हसण्यात माझाही वाटा आहे असे मी धरून चाललो होतो.

पुढे घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली. इस्त्री न लागणारे शर्ट आले. दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माशा जास्त अशी वेळ आली. मालकीणबाईंचा मुलगा एका कचेरीत नोकरी करतो. तो एक दिवस माझ्यावर कोपर टेकून म्हणाला, "आई, खोली सोडून देऊ या. नुसतं भाडं भरतोय आपण."

"आणि टेबल?"

"कापावं लागेल. दारातून जाणार नाही ते."

पाव कापायचा असावा इतक्या सहज म्हणाला. माझ्या चारही पायांतून कळ गेली.

तेव्हा सूनबाई मध्ये पडली. ती एका दुकानात पावत्या करायची आणि फावल्या वेळात लोकांचे ब्लॉग वाचायची. "आईंना जे येतं ते लिहून काढू. डागांचा ब्लॉग करू. लोक पैसे मिळवतातच ना ब्लॉगवर? भाडेपट्टा संपायला अजून वर्ष आहे. तोवर ब्लॉगने खोलीचं भाडं काढलं तर खोली ठेवायची. नाही काढलं तर करवत मी स्वतः आणते."

मुलगा हसून हो म्हणाला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

सुरुवात चांगली झाली. मालकीणबाई सांगायच्या आणि सूनबाई माझ्या एका टोकाला लॅपटॉप ठेवून लिहायची. पहिला लेख गंजाच्या डागावर होता. तो घरच्या मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर गेला आणि काका, मावश्या, चुलतभाऊ, भाचरे सगळ्यांकडून "छान", "अप्रतिम", "कमाल" असे भराभर आले. सगळ्यांत मोठा आवाज लेकीचा. मालकीणबाईंची ही धाकटी लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते. मनाने मोकळी, मदतीला सगळ्यांच्या पुढे, आणि एकदा धावत सुटली की थांब म्हटले तरी न थांबणारी.

सूनबाईने मग ब्लॉगवर पैसे मिळवायचे मार्ग शोधून काढले. पहिला जाहिरातींचा. एक कंपनी ब्लॉगवर जाहिराती लावते आणि वाचकाने त्या दाबल्या की लिहिणाऱ्याला थोडे पैसे देते. दुसरा मार्ग असा, की लेखात कपड्यांच्या ब्रशची शिफारस करायची, तिथूनच विकत घ्यायचा रस्ता द्यायचा आणि खपलेल्या ब्रशमागे कमिशन घ्यायचे. तिसरा त्याहून सोपा. डाग काढायची पावडर बनवणारा एकजण स्वतःच स्वतःचे कौतुक लिहून पाठवायचा, ते तसेच छापायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे.

तिन्ही मार्ग चालू झाले. ब्रश तर असे खपले, की सूनबाईने विकायला म्हणून खोलीतही ब्रशची काही खोकी आणून ठेवली. लेकीने एकदा सांगितले, की मावशीकडे आता एवढे ब्रश झालेत की एकाने ती बूट पुसते. तेव्हा सगळे हसले. मावशी पदरमोड करून ब्रश घेते, पैसा घरातल्या या खिशातून त्या खिशात जातो आणि मधल्या मध्ये ब्रशची कंपनी आपला वाटा काढते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

जाहिरातींचे पैसेही वाढत होते. सगळ्यांनी मिळून सूनबाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवले होते. तिने दुकानातले काम अर्ध्या वेळेवर आणले. लेख जास्त हवेत म्हणून ती इतर ब्लॉगवरून उचलून, शब्द फिरवून लिहू लागली. मालकीणबाई एक वाक्य सांगायच्या, तिचे ती दहा करायची. कपडा ओला करून बघायला कुणालाच सवड नव्हती. माझ्यावर लॅपटॉप, चहाचे कप आणि ब्रशची खोकी, आणि इस्त्री थंड. कापले जायची भीती कमी झाली होती हे खरे. पण खोकी ठेवायला फळीसुद्धा पुरते, त्यासाठी मी कशाला हवा?

एका सकाळी सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा उतरला. जाहिरातींच्या कंपनीने खाते कायमचे बंद केले होते. जमा झालेले पैसेही मिळणार नव्हते. ठरावीक तीच ती माणसे रोज सगळ्या जाहिराती दाबतात आणि ते नियमात बसत नाही, असे कळवले होते.

तेवढ्यात लेक हसत आत आली. "वहिनी, आजच्या माझ्या झाल्या बरं का! मावशीलासुद्धा फोन करून उठवलं."

"काय झाल्या?"

"जाहिराती गं! सगळ्या दाबल्या. आपला नियमच आहे, कपात चहा ओतायच्या आधी दाबून मोकळं व्हायचं. घरच्यांनी हातभार नाही लावायचा तर कुणी लावायचा?"

सूनबाईने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. लेकीने वाचले, पुन्हा वाचले आणि मटकन एका खोक्यावर बसली. खोके चेपले.

"हे चोरीत धरतात, मला काय माहीत?"

"वन्सं, एकदा विचारायचं तरी!"

"अगं, तुला चकित करायचं होतं."

ते तिने केलेच होते.

खाते आणि नियम मालकीणबाईंना फारसे कळत नव्हते, त्यांच्या डोक्यात वेगळेच चालले होते. "जाहिराती दाबायच्या तर लेख उघडावा लागत असेल ना?"

"हो ना आई. रोज उघडते."

"मग परवाचा कशावर होता?"

"डागावर."

"कसल्या?"

लेकीने वहिनीकडे पाहिले. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

"जाहिराती वरच असतात गं आई," लेक हळूच म्हणाली. "खाली जायची गरज पडत नाही."

सूनबाईने मग ब्लॉगवर कोण येते आणि किती वेळ थांबते ते काढून पाहिले. येणारे जवळजवळ सगळे घरचेच होते आणि चहा ओतायला लागतो तेवढाच वेळ थांबत होते. "अप्रतिम" म्हणणाऱ्यांपैकी लेखाच्या तळापर्यंत कुणीच पोचले नव्हते.

"म्हणजे एवढे महिने मी भिंतीशी बोलत होते," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

मित्रांनो, मला फार राग आला. कंपनीचा नव्हे, तिने तिचा नियम पाळला. मला त्या "छान"चा राग आला. आयुष्यभर उलटसुलट करून डाग बघणाऱ्या बाईचे शब्द कुणी एकदाही नीट उलगडून पाहू नयेत, याचे वाईट वाटले.

लेक बरेच दिवस फिरकली नाही. आली तेव्हा तिच्या काखेत पांढरा टेबलक्लॉथ होता. माझ्यावरची खोकी बाजूला सारून तिने तो पसरला. मधोमध मेणाचा डाग होता आणि त्याच्याभोवती उलट्या अक्षरांत वर्तमानपत्राचे अर्धे पान उमटले होते.

"हे काय गं?" मालकीणबाईंनी विचारले.

"मेणाच्या डागावरचा तुमचा लेख. शेवटपर्यंत वाचला. डागावर कागद ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा, असं लिहिलंय. ठेवला कागद."

"अगं, वर्तमानपत्र? कोरा कागद ठेवायचा!"

"कोरा असं कुठे लिहिलंय?"

"ते काय सांगायला हवं?"

"मला हवं."

सूनबाई भडकली. "वन्सं, आधी खातं बंद पाडलंत, आता चुका काढायला आलात?"

"हो, आले." लेक हटली नाही. "दाबायचं काम संपलं म्हणून सगळे लेख वाचले. बरेचसे करून बघितले. लिहिलंय तसं होत नाही गं वहिनी. न वाचता छान म्हणत होते तेव्हा मी चांगली. आता वाचून सांगतेय तर वाईट?"

मग मालकीणबाईंनी पदर खोचावा तशा बाह्या सारल्या आणि म्हणाल्या, "ती खोकी आधी खाली उतरवा." त्यांनी इस्त्री तापत घातली.

सगळे लेख नव्याने लिहायला घेतले. मालकीणबाई सांगणार, सूनबाई लिहिणार आणि लेक फक्त लिहिलेले वाचून, तोंडी काही न विचारता, माझ्यावर करून बघणार, असे ठरले. जमले नाही तर लेख परत. लेक चुकू लागली की मालकीणबाईंचा जीव कासावीस व्हायचा.

"अगं, चोळू नकोस!"

"चोळू नका असं लिहिलेलं नाही."

"लिही गं बाई, लिही. चोळू नका."

पावडरवाल्याची पावडरही लेकीने स्वतःच्या निळ्या ओढणीवर करून पाहिली. डाग राहिला आणि निळा रंग गेला. सूनबाईने त्याचा मजकूर त्याच दिवशी काढून टाकला आणि पैसे परत केले. माझ्यावर पुन्हा पाणी सांडू लागले, वाफ येऊ लागली, एकदा तर चांगला चटका बसला. मी त्या दिवसांत फार सुखी होतो.

पैसा मात्र आटला होता. जाहिराती गेल्या, पावडर गेली आणि मावशीला आता ब्रश घेऊ नकोस म्हणून सांगून टाकले होते. भाडेपट्टा संपत आला. मुलाने एकदा येऊन टेप लावून माझी लांबी मोजली. मालकीणबाई नुसत्या माझ्यावरची चादर ताणून घेत राहिल्या.

आणि एका दुपारी ब्लॉगखाली कुणी परक्या बाईने काही लिहिलेले सूनबाईला दिसले. तिने वाचून दाखवले. "मी एका वसतिगृहात काम करते. चादरी, अभ्रे, पडदे माझ्याकडे असतात. तुमच्या लेखाप्रमाणे चादरीवरचा मलमाचा डाग काढत होते. तिसऱ्या पायरीपर्यंत जमलं. चौथीला डाग पसरला. मी कुठे चुकले?"

सूनबाईने कपाळाला हात लावला. "पहिला परका वाचक, आणि तोही तक्रार घेऊन."

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "पुन्हा वाच."

सूनबाईने पुन्हा वाचले.

"अगं, चौथ्या पायरीपर्यंत गेली ती!" मालकीणबाईंचे डोळे भरून आले होते. "कुणीतरी करून पाहिलं गं! चादर कसली आहे, विचार तिला. लवकर विचार."

चादर निव्वळ सुती नव्हती, मिश्र धाग्याची होती, आणि त्याला गरम पाणी चालत नाही हे लेखात राहून गेले होते. उत्तर गेले, डाग निघाला. आठवड्याने त्या बाईंनी विचारले, की आमच्या वसतिगृहातल्या मदतनीस बायकांना शिकवाल का, आम्ही फी देऊ. मालकीणबाई म्हणाल्या, शिकवीन, पण इथे या, माझे टेबल हलत नाही.

त्या आल्या. माझ्या चारही बाजूंनी उभ्या राहिल्या आणि एवढे प्रश्न विचारले, की सूनबाईला सगळे लेख पुन्हा दुरुस्त करावे लागले. त्यांच्या सांगण्यावरून एका रुग्णालयाच्या धोबीखात्याने आपली माणसे इथे शिकायला पाठवली, मग एका अतिथिगृहाने. सूनबाईने नीट तपासलेल्या लेखांचे छोटे पुस्तक करून ब्लॉगवर विकायला ठेवले. ते हळूहळू खपते. श्रीमंत कुणी झाले नाही, सूनबाई अजून अर्धा वेळ पावत्या करते. पण खोलीचे भाडे निघते. मुलाने नव्या भाडेपट्ट्यावर सही केली ती माझ्याच पाठीवर कागद ठेवून.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुमच्या घरात कुणी काही लिहीत असेल, शिवत असेल, घडवत असेल, तर त्याला नुसते "छान" म्हणून पळू नका. शेवटपर्यंत वाचा, करून पाहा आणि अडलात तर तसे सांगा. प्रेम असेच करायचे असते. कौतुक करणारे घरभर असूनही आमच्या मालकीणबाई भिंतीशी बोलत होत्या. त्यांना खुर्चीतून उठवले ते एका अनोळखी बाईच्या तक्रारीने.