फुल्यांचा कागद

मित्रांनो, एका साध्या कागदावर जळणारा जुना स्टेथोस्कोप तुम्ही पाहिलाय का? तो मीच.

कारखान्यात माझी चकती घासून चकचकीत केली, नळी जोडली आणि मी थेट आमच्या डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडलो. सतरा वर्षं तिथे मिरवलो. खोकून बेजार झालेली पोरं, धापा टाकणारे आजोबा, कुणाच्याही छातीतलं गुपित आधी मला कळायचं. "मोठा श्वास घ्या," असं बाई म्हणाल्या की सगळी खोली चिडीचूप. काय थाट होता म्हणून सांगू!

मग बाई कुठल्याशा शिबिरातून तो कागद शिकून आल्या. पेशंटला समोर बसवायचं आणि त्याचं अख्खं घराणं काढायचं. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, नात्यांच्या रेघा, आणि जो गेला त्याच्यावर फुली. अहो, पहिलीतलं पोरही काढेल! पण बाई त्यात अर्धा अर्धा तास रमायच्या आणि मी टेबलावर पालथा. माझ्या नळीला चिरा पडल्या, तरी कुणाचं लक्ष नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

एकदा एक आई लेकीला घेऊन आली. लेक चौदा वर्षांची, धावण्यात नेहमी पहिली. आदल्या दिवशी सराव करताना धाडकन पडली होती आणि मिनिटभर शुद्ध नव्हती. शनिवारी शर्यत होती, आणि ती ठणठणीत आहे अशी डॉक्टरांची चिठ्ठी शाळेला हवी होती.

"उपाशीपोटी धावते हो, दुसरं काही नाही," आई म्हणाली.

बाईंनी मला लेकीच्या छातीला लावलं. ठोके सुरेख, एकसारखे. मी खूश! लिहा की चिठ्ठी! पण बाईंनी पेन्सिल काढली. झालं, आली माझी सवत.

"तुमच्या माहेरचं सांगा. वडील?"

"मी लहान असतानाच गेले, शिडीवरून पडून. ज्याची शिडी होती त्याच्याशी आम्ही अजून बोलत नाही."

"त्यांची भावंडं?"

"एक आत्या होती. बस पकडायला धावली आणि रस्त्यातच कोसळली. ऊन बाधलं म्हणे."

"आणि तुमची?"

"भाऊ. एकोणीस वर्षांचा. नदीत बुडाला."

"पोहता येत नव्हतं?"

"छे हो! रोज पलीकडे जाऊन यायचा. त्या दिवशी मीच म्हटलं होतं, जा, किती लवकर येतोस बघू." तिचा आवाज बसला. "हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही."

शिडी, ऊन, नदी. त्या घरानं प्रत्येक मरणाला वेगळा गुन्हेगार शोधला होता. कागदावर मात्र तिन्ही फुल्या एकाच रक्ताच्या होत्या, आणि तीच रेघ आईवरून खाली लेकीच्या गोलापर्यंत आली होती. मी गारच पडलो. मी तर तिला शर्यतीला पाठवायला निघालो होतो!

बाईंनी चिठ्ठी दिली नाही. मायलेकी दोघींचा ईसीजी काढला आणि दोघींतही तोच दोष निघाला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरायला जास्त वेळ घेत होतं. धावताना, पोहताना, शिडी चढताना ते एकदम बिथरतं आणि माणूस पडतो. हे मला कधीच ऐकू आलं नसतं. दोघींना रोजची गोळी सुरू झाली, शर्यत बंद. लेक रडली, तिनं पाय आपटले, आमच्या बाईंना दुष्ट म्हणाली. म्हणू दे. दुष्ट म्हणायला ती होती, हे काय कमी झालं?

आणि कौतुक कुणाचं? त्या कागदाचं! हो, अजून दुखतं माझ्या पोटात.

पुढच्या खेपेला आई एकटी आली. तो कागद पुढ्यात ओढून तिनं भावाच्या फुलीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो माझ्यामुळे नाही गेला?"

"नाही हो. तुमच्यामुळे नाही."

बाईंनी मला तिच्या छातीवर ठेवलं. वीस वर्षं दाबून ठेवलेला हुंदका आधी आत हलला, मग बाहेर फुटला. मी तो अगदी जवळून ऐकला. कागद शेजारीच पडला होता, त्याला त्यातलं काही कळलं नाही.

मित्रांनो, आपल्या घरात कोण कसं गेलं ते मोठ्यांना नक्की विचारा. तसा कागदही काढून जपून ठेवा, माझी ना नाही. पण सांगणाऱ्याचा आवाज कापायला लागला, की पेन्सिल खाली ठेवा आणि ऐका.