उतारावर पहारा घेणारी तार

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझ्यापाशी टाळ नाही, मृदंग नाही, आणि आवाज म्हणाल तर गंजलेला. पण कीर्तनाला बसल्यासारखं मन लावून ऐकलंत, तर एक गोष्ट सांगते. शेवटी तुमच्याजवळ एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र नाही म्हणू नका.

मी एक जुनी ब्रेकची तार आहे. पोलादाचे बारीक दोरे पिळून मला वळलेलं आहे. माझी पहिली वर्षं एका मालाच्या लॉरीत गेली. तेव्हा निजामाचं राज्य होतं. देवगाव फाट्याजवळ ती लॉरी खड्ड्यात पडली आणि मालकानं तिला मोडीत काढलं. त्या मोडीतून पेडगावच्या रायभान मिस्त्रीनं मला उचललं. सोबत यंत्र, चाकं आणि खालचे दणका झेलणारे पाटेही नेले.

रायभान परभणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये दुरुस्तीचं काम करी. त्याला मोटारीची हौस नव्हती. त्याची बायको दगडाबाई कडब्याच्या गंजीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती उभी राहिली नाही. बैलगाडीचा दणका तिला सोसवत नसे. आणि दगडाबाई वीणेकऱ्याची लेक! झरीला नवरात्रात कीर्तनं होत. लहानपणापासून तिनं ती कधी चुकवली नव्हती. आता ती बाजेवर पडून झरीकडं जाणाऱ्या गाड्यांची घुंगरं ऐकायची आणि भिंतीकडं तोंड करायची. रायभाननं ते पाहिलं. त्यानं बाभळीच्या लाकडाचा सांगाडा घातला, त्याखाली लॉरीचे पाटे बसवले, मागं बाजेसारखी ऐसपैस बैठक केली. गाव बघायला येई. कुणीतरी विचारी, "मिस्त्री, हिला बैल कुठल्या अंगानं जुंपायचे?" तो हसून नट आवळत राही.

पायाचा ब्रेक लॉरीबरोबरच मोडला होता. सगळी मदार हाताच्या दांडीवर होती, आणि दांडी व मागच्या चाकांच्या मध्ये मी. पण मित्रांनो, मी लॉरीच्या मापाची, आणि मोटार आखूड. दांडी पुरती ओढली तरी मी ढिलीच राही. मला कापून आखूड करायला हवं होतं.

आणि गाडी जुळून आली ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात. त्या दिवशी त्यांना विसावा असतो. छिन्नी आणि हातोडा झेंडूच्या फुलांखाली बसले होते, आणि झरीचं शेवटचं कीर्तन त्याच संध्याकाळी होतं. रायभान देवभोळा. पूजेतली छिन्नी उचलायला त्याचा हात धजेना. शेवटी त्यानं मला दुमडलं आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली.

दाव्याची गाठ सुताला शोभते, मित्रांनो. पोलाद गाठीत मुक्कामाला राहत नाही. ते हळूहळू सरळ व्हायला बघतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही ओढ्याच्या उतारावर आलो. पाणी किती आहे ते बघायला रायभाननं दांडी ओढली आणि खाली उतरला. यंत्र चालूच ठेवलं, कारण बंद केलं की हँडल मारता मारता दम निघे. मी दम धरला. पण गाठ सरकली. आधी जराशी, मग एकदम. मोटार दगडाबाईसकट पाण्याकडं निघाली.

तिथं तानुबाई धनगरीण मेंढ्यांना पाणी पाजून वर येत होती. तिनं काठी टाकली, वळली आणि मोटारीच्या नाकाला पाठ लावून पाय रोवले. मोटार तिला ढकलत थोडी खाली गेली आणि थांबली.

रायभान धावत आला. त्यानं आधी दगडाबाईला उचलून बाभळीखाली घोंगडीवर ठेवलं. मग यंत्र बंद करून गाडी गिअरात घातली, पण झिजलेले दात सटकले. चाकोऱ्या इतक्या खोल की चाक वळेना. काळ्या मातीत दगड सापडेना, ढेकळं लावली तर त्यांचा भुगा झाला. रायभान म्हणाला, गाडी जाऊ दे पाण्यात, तुला पाठीवर घेऊन घरी जातो.

दगडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "अवो, छिन्नी तिकडं फुलं पांघरून बसलीय, अन् तानुबाई इथं उभी हाय. जा, आणा ती छिन्नी. देवीला काय सांगायचं ते मी सांगते."

रायभान पळत गेला. उतारावर दोघीच राहिल्या. तानुबाईला धीर द्यावा म्हणून दगडाबाई बोलू लागली. "माझा बाप सप्त्यात वीणा घेऊन उभा राहायचा. वीणा भुईला टेकवायची न्हाई. दुसरा येऊन गळ्यात घेईस्तोवर पहारा सोडायचा न्हाई."

"तुमच्या बापाच्या गळ्यात वीणा व्हती माय," तानुबाई म्हणाली, "माझ्या पाठीवर मोटार हाय."

दोघी हसल्या. मग दगडाबाईनं नामस्मरण धरलं, आणि तानुबाईनं दातओठ खात त्यात आवाज मिसळला.

रायभान छिन्नी, हातोडा, लोखंडी ठोकळा आणि पट्ट्या घेऊन घामाघूम होऊन परतला. छिन्नीवरचं कुंकू तसंच होतं. तार कापण्याआधी दोन्ही बाजूंनी बांधून घ्यावी लागते, नाहीतर तिचे दोरे उसवतात. बांधायची बारीक तार तो घाईत विसरला होता. तानुबाई म्हणाली, माझ्या कमरेच्या पिशवीत लोकरीचं सूत हाय, घ्या काढून. त्या सुतानं मला घट्ट बांधलं. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून छिन्नीचे घाव घातले. मला दुखलं, पण मी आखूड झाले. माझं टोक वळवून दोन पट्ट्यांमध्ये दाबलं आणि नट आवळले.

रायभाननं दांडी ओढली. मी ताणली गेले. ब्रेक चाकाला भिडला. "सोडा आता, अक्का," तो म्हणाला. पण तानुबाई लगेच हलली नाही. तिनं पाठ जरा ढिली केली, पुन्हा टेकवली, पुन्हा ढिली केली. मोटार जागची हलली नाही.

"घेतला बघा हिनं पहारा," ती म्हणाली, आणि बाजूला होऊन तिनं मला हात जोडले.

आम्ही झरीला पोचलो तेव्हा कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, लागला होता. दगडाबाईला गाडीतूनच ऐकू आलं. ती रडली नाही, नुसती टाळी वाजवत राहिली. तानुबाई मेंढ्या सोडून येऊ शकली नव्हती; रात्रीला तिनं त्या तिथंच ओढ्याकाठी बसवल्या होत्या. परतताना दगडाबाईनं त्याच बाभळीपाशी गाडी थांबवायला लावली आणि तिला ते आख्यान ऐकवलं, चालीची जागा आली की गाऊनसुद्धा. ते होईपर्यंत उतारावर मी गाडी धरून होते.

पुढं कितीतरी वर्षं मी माझं काम केलं. अडलेल्या बाळंतिणी, तापलेली पोरं, सगळे त्या गाडीतून परभणीला गेले. रायभान मला वेळच्या वेळी तेल देई, ढिली पडले की आवळी. खंडेनवमीला तो हत्यारांची पूजा गाडीतच मांडू लागला.

मग निजामाचं राज्य जायच्या आधीचं ते जाळपोळीचं वाईट वर्ष आलं. गावं ओस पडू लागली. तानुबाईची माणसं मेंढ्या घेऊन वऱ्हाडाकडं गेली. राज्य बदललं, बरीच माणसं परतली. दगडाबाई बाभळीपाशी गाडी थांबवायला लावी आणि वाटेकडं बघत बसे. तानुबाई आली नाही.

आज मी गोठ्यातल्या खुंटीला लटकते आहे. दोरे तुटू लागले आहेत. पण टोकाच्या पट्टीत लोकरीचा धागा अजून आहे.

मित्रांनो, तार ढिली पडली की वेळीच आवळा, गाठ मारून भागवू नका. आणि माझं मागणं एवढंच. उतारावर एखादी गाडी निवांत उभी दिसली, तर मला नाही आठवलंत तरी चालेल. माझ्याआधी तिथं एक बाई पाठ लावून उभी होती. तिचं नाव तानुबाई. तिची आठवण ठेवा.