धारेचा एप्रन

म्हशीनं लाथ मारली बादलीला, पण लागली ती आमच्या धाकटीच्या कॉलेजला. होतं नव्हतं तेवढं दूध शेणात गेलं, बादली गडगडत गव्हाणीखाली गेली, अन् मी उताणी पडले ती थेट सासूबाईंच्या पायाशी. दुसरी कुणी असती तर हात दिला असता. आमच्या आत्याबाई, सासूला आम्ही तेच म्हणतो, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"एवढी धिप्पाड बाई, अन् एक म्हैस सांभाळता येईना!"

"तुम्ही बसा की खाली," मी अंग झाडत म्हणाले. "बघू किती सांभाळता."

"माझे गुडघे धड असते तर तुझं तोंड बघायची वेळ आली नसती."

"गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे ना? तिनंच काढा धार."

सकाळी सकाळी आमच्या घरात देवाचं नाव कुणी घेत नाही, हे असं चालतं. शेजारची काकू भिंतीवरून मान काढून ऐकत होती. तिला सगळी गल्ली रेडिओ म्हणते. एकदा लागली की बंद करायचं बटणच नाही.

या सगळ्याचं मूळ आमची धाकटी जाऊ. लग्न होऊन आली अन् वर्ष सरायच्या आत तिनं नर्सिंगच्या कॉलेजात नाव घातलं. सहा महिन्यांचा कोर्सबिर्स नाही, चांगली डिग्री. पास झालं की सरकारी रजिस्टरला नाव लागतं, मग पक्की नर्स. म्हातारीनं आकाशपाताळ एक केलं. परक्या बाप्यांची अंगं पुसणार का, आमच्या घरात काय कमी आहे, सगळं झालं. भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरवर बसला की शेर, घरात आला की आईसमोर मांजर. पण तेव्हा कसा कोण जाणे, बायकोच्या बाजूनं बोलला. मग म्हातारीनं अट घातली.

"शिक बाई. पण या घरची धार तुझी. सकाळची पण, संध्याकाळची पण. धार चुकली की कॉलेज बंद."

तिला वाटलं होतं पोरगी चार दिवसांत हात टेकेल. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण धाकटी भलतीच चिवट. पहाटे उठायची, कॉलेजचे इस्त्रीचे कपडे चढवायची, त्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून पहिल्या वर्षाचा जुना पांढरा एप्रन घालायची, अन् म्हशीखाली बसून धार काढता काढता माणसाच्या हाडांची नावं घोकायची. म्हशीलाही सगळी हाडं पाठ झाली असतील. धार झाली की एप्रन गोठ्यातल्या खुंटीला, बादली ओट्यावर, अन् ही पळाली बसला.

अन् बाकीचं कुणी करायचं? मी! शेण मी, पाणी मी, चूल मी, रान मी. ती पुस्तकात डोकं घालून बसली की माझं डोकं फिरायचं. मीसुद्धा दहावी पहिल्या वर्गात पास झालेय, पण ते या घरात कुणी कधी विचारलं नाही. मला ती आवडत नव्हती, अन् हे मी तिला तोंडावर सांगायचे.

"तुझ्या डिग्रीला माझा घाम लागतोय, लक्षात ठेव."

"माहीत आहे ताई," ती म्हणायची.

आता असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आणखीच चिडायचे.

शेवटच्या वर्षी मोठ्या दवाखान्यात राहून ड्युटी करावी लागते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष वाया. ती पेटी घेऊन गेली अन् म्हैस माझ्या गळ्यात पडली. म्हशीनं काय करावं? पारडाला खुशाल पाजायची. पारडू बाजूला ओढून मी हात लावला की दूध वर चोरायची. पेंड ठेवली, खाल्ली अन् लाथ मारली. गोंजारलं, लाथ मारली. आमच्या यांनी काठी दाखवली, त्यांना मांडीवर असा टोला दिला की बिचारे आठवडाभर लंगडत रानात जात होते. कास दगडासारखी व्हायला लागली. डेअरीवाला रोज रिकामं कॅन बघून दात काढायचा. "काय वहिनी, म्हैस संपावर गेली वाटतं?"

"तुझ्यासारखीच आहे," मी म्हणायचे. "खाते अन् देत काही नाही."

तर त्या दिवशी, बादली शेणात गेल्यावर, मी भुईमूग काढायला रानात गेले. पाणी आटल्यामुळं जमीन अशी आवळली होती की वेल ओढला की शेंगा खालीच राहायच्या, नुसता पाला हातात. मग कुदळीनं खणून एकेक वेचायची. ऊन पाठीवर बसलेलं. मातीनं नखांत भेगा पडलेल्या. कुठून तरी गरम वाऱ्याची वावटळ यायची अन् तोंडात धूळ भरून जायची. रेडिओ मजुरीला आमच्याकडंच होती. हात कमी अन् तोंड जास्त.

"धाकटी आपली पंख्याखाली बसली असेल गं."

"बसली असेल तर बसू दे. तू खण."

"माझ्या भाचीच्या नणंदेची मुलगी पण नर्स झाली. मग घरी आलीच नाही. तिकडंच फ्लॅट घेतला. अशा असतात त्या."

"काकू, तुला दहा शेंगा सापडल्या की एक गोष्ट सांग. तोवर गप."

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत बांधावर आली. बरोबर भाऊजी, हातात फोन. गुडघ्यांचं कारण सांगून अंगण न ओलांडणारी बाई रानापर्यंत आली म्हणजे काहीतरी ठरवूनच आली.

"लाव तिला," तिनं भाऊजीला फर्मावलं. "सगळ्यांना ऐकू येईल असं लाव."

धाकटीचा आवाज आला. मागं कुणीतरी कण्हत होतं, कुणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं.

"आत्याबाई, ड्युटीवर आहे. पटकन बोला."

"मला पटकन बोलायला सांगतेस? म्हैस आटायला आली इकडं. अट काय ठरली होती?"

"धार माझी, हे ठरलं होतं. पण इथं राहणं सक्तीचं आहे. आता आले तर हजेरी जाते. चार वर्षं पाण्यात जातील."

"जाऊ देत पाण्यात! शिकून करणार काय? लोकांच्या हगामुताची भांडी उचलणार."

"हो, उचलणार," धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही, पण धार लागली त्याला. "कुणीतरी उचलतं म्हणून माणसं बरी होऊन घरी जातात. तुमचा गुडघा सुजला तेव्हा तुमचंही मीच उचललं होतं."

रेडिओनं तोंडावर हात घेतला. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. म्हातारी काळीनिळी झाली.

"उद्या सकाळी हा गाडी घेऊन येतोय. गाडीवर बसायचं अन् घरी यायचं. नाही आलीस तर या घराचा उंबरा विसर."

"अहो, तुम्ही तरी बोला," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

भाऊजीनं बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडलं. "आई म्हणते तेही बरोबर आहे... तू म्हणतेस तेही..."

पलीकडं धाकटीनं फोन ठेवला. ठेवायच्या आधी नाक ओढल्याचा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला.

म्हातारी माझ्याकडं वळली. "तुझं काम हलकं होईल आता. तोंड का पाडलंयस?"

खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं होतं. येऊ दे बया परत. वाटून घेऊ दे शेण. मग म्हातारी निघता निघता रेडिओला म्हणाली, पण मला ऐकू जाईल असंच म्हणाली, "दोन सुना आणल्या. एकीला डोकं आहे तर ती घरात टिकत नाही. दुसरी नुसती ओझ्याची, तिला म्हैससुद्धा ओळखत नाही."

ओझ्याची! इतकी वर्षं राबून मी ओझ्याची! मी कुदळ अशी हाणली की दांडा हातात अन् पातं जमिनीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भाऊजी गाडी पुसत होता अन् मी परत म्हशीखाली. म्हातारीचा हुकूम, पारडाला सगळं जायला नको. म्हशीनं शेणाची शेपटी माझ्या तोंडावर मारली. माझा संताप अनावर झाला. कास पुसायचं फडकं सापडेना, म्हणून खुंटीला लटकलेला धाकटीचा एप्रन मी ओढला. म्हटलं, हिच्या डिग्रीनंच पुसते म्हशीचं बूड! वाईटबिईट काही वाटलं नाही. पुसायला गेले तर म्हशीनं मान वळवली. एप्रन हुंगला. लांब श्वास सोडला. मग मान परत गव्हाणीत घातली अन् रवंथ करायला लागली, अन् माझ्या डोळ्यांदेखत सडांतून थेंब गळायला लागले. पान्हावली की रांड!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज तोच एप्रन. रोज त्याचा तोच वास. म्हशीनं धाकटीला कधी ओळखलंच नव्हतं, ती या पांढऱ्या चिंधीला ओळखत होती. आम्ही सगळ्यांनी तो रोज खुंटीला बघितला, अन् एकाच्याही ध्यानात आलं नाही.

बाहेर गाडीला किक बसली.

आता गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? एप्रन परत खुंटीला टांगायचा. धाकटी आली असती, माझा भार निम्मा झाला असता, दुपारी जरा पाठ टेकता आली असती. सगळं मला दिसत होतं. पण मग म्हातारी जिंकली असती. अन् तिला जिंकू द्यायचं? मेले तरी नाही!

मी एप्रन अंगात कोंबला. बाह्या कोपरापर्यंत येऊन अडकल्या, पोटावरचं एकही बटण लागेना, पाठीवर कुठंतरी टर्रकन उसवलं. तशीच बसले. अन् धार अशी लागली की बादली वाजायला लागली. चुरऽ चुरऽ चुरऽ! वर फेस चढला.

"भाऊजी!" मी ओरडले. "गाडी बंद करा! सगळे इकडं या!"

भाऊजी आला, आमचे हे लंगडत आले, म्हातारी आली, भिंतीवर रेडिओ आली. मला त्या अवतारात बघून रेडिओ हसता हसता भिंतीवरून पडायची राहिली.

"हे काय सोंग?" म्हातारी म्हणाली. "काढ ते आधी! लाज नाही वाटत?"

"काढते. मग दूध कोण काढेल, तुम्ही?"

"हा जातोय तिला आणायला. माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द धारेचा होता आत्याबाई. धार चुकली की कॉलेज बंद. बघा, चुकली का?" मी भरली बादली तिच्या पायाशी आदळली. "आता तिला आणायला कुणी गेलं, तर हा एप्रन चुलीत घालते अन् मी माहेरी जाते. मग ओळख काढत बसा म्हशीशी."

म्हातारीनं बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ती घरात गेली अन् दिवसभर कुणाशी बोलली नाही. एवढा शांत दिवस त्या घरात मी पहिल्यांदा बघितला.

रेडिओनं अर्थातच सगळ्या गावाला सांगितलं. धाकटीचा फोन आला. "ताई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी काही नाही. लाडात येऊ नकोस. नापास झालीस तर याच एप्रननं तुझा गळा आवळीन."

तेव्हापासून गाव मला नर्सबाई म्हणतं. डेअरीवाला म्हणतो, नर्सबाई, पेशंट कसा आहे? मी म्हणते, कॅन धर अन् चालू लाग.

धाकटी पास झाली. रजिस्टरला नाव लागलं, मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. म्हातारी गल्लीभर सांगत फिरली, आम्हीच शिकवलं म्हणून सुनेला. गुडघे त्या दिवशी अजिबात दुखले नाहीत.

मग एकदा ती घरी आली. माझ्यासमोर पिशवी ठेवली. आत कोरा पांढराशुभ्र एप्रन. माझ्या मापाचा, शिंप्याकडून मुद्दाम शिवलेला, सगळी बटणं सैल बसतील असा.

माझं टाळकंच सटकलं. "इतकं राबून हे बक्षीस? म्हशीखाली बसायचा गणवेश?"

डोळे भरले तिचे. मी तोंड फिरवलं अन् एप्रन घेऊन तरातरा गोठ्यात गेले. घातला. बाह्या मनगटापर्यंत आल्या, बटणं खालपर्यंत लागली. पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं. बघत राहिले थोडा वेळ.

मग म्हशीखाली बसले. म्हशीनं कोरं कापड हुंगलं, फुर्रकन नाक शिंकरलं अन् बादली उडवली.

मी उठले. नवा काढला, झटकला, उसवलेला जुना परत चढवला अन् धार काढली. नवा घडी घालून माझ्या पेटीत ठेवलाय. म्हातारीनं विचारलं, म्हशीला चालत नाही तर ठेवून काय करतेस, चूल पुसायची फडकी करू त्याची.

म्हटलं, हात लावून तर बघा. तो म्हशीचा नाही. माझा आहे.