टाकीला लावलेलं तेल

घाटघरच्या पावसाचं लोखंडाशी जुनं वैर आहे. चार महिने तो असा मुरतो की कड्या-कोयंडे गंजतात, विळे तांबडे होतात आणि वहाणांपासून देवळातल्या ढोलापर्यंत सगळ्याला पांढरी बुरशी धरते. म्हणून तिथल्या बायका दिसेल त्या लोखंडाला तेलाचा हात लावतात. त्यात साळुबाई सगळ्यांच्या पुढं. दाराची कडी कुरकुरली तरी तिचं जेवणात लक्ष लागायचं नाही.

तिचा नवरा हौशीराम जन्मभर खडीच्या मशीनवर राबला आणि दगडाची भुकटी छातीत घेऊन घरी आला. दम लागेल तेव्हा ऑक्सिजन द्या, असं जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात दोन टाक्या असायच्या, एक चालू आणि एक भरलेली. नारायणगावच्या शांतीलाल शेठच्या औषध दुकानातून टाकी भरून आणायचं काम सुनेकडं, प्राचीकडं होतं.

शेठचा मुलगा पीयूष एरवी गोडबोल्या, पण टाकीचा विषय निघाला की एकदम मास्तर व्हायचा. याला तेल नाही, ग्रीस नाही, तेलकट हातसुद्धा नाही, असं तो दर खेपेला बजावायचा. आतला ऑक्सिजन जोरात सुटतो, त्याला तेल भेटलं तर काडी ओढावी लागत नाही, आपोआप भडका होतो. घाटाच्या ओलीत टाकीचं तोंड गंजून बसू नये म्हणून ऑक्सिजनला चालणारं एक पांढरं मलम असायचं, ते त्याचा माणूस तोंडाशी पातळसं लावून द्यायचा. बाकी काही चालत नाही. चुकून लागलंच तर घरी पुसत बसू नका, उघडू तर मुळीच नका, तशीच परत आणा.

प्राचीनं हे सगळं नवऱ्याच्या, सुदर्शनच्या कानावर घातलं, कारण तो जीप चालवायचा आणि ग्रीसचा डबा त्याच्या हाताशी असायचा. सासूला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. औषधाच्या वस्तूला कोण कशाला तेल लावेल? निरगुडसरची बारावी शिकलेली पोर, तिला घाटघर अजून कळायचं होतं.

खंडेनवमीला साळुबाईनं घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून ओळीनं मांडली. कोयता, विळे, पहार, कुऱ्हाड आणि शेवटी ऑक्सिजनची भरलेली टाकी. टाकीला हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. जे घर चालवतं ते हत्यार, आणि आता धन्याचा श्वास त्या टाकीवर चालत होता, मग तिला पूजेतून वगळायचं कसं? पुरणाच्या खटपटीतून प्राची आरतीपुरती बाहेर आली, तेव्हा माळ घातलेली टाकी बघून तिला हसू आलं आणि सासूबद्दल मायाही वाटली. तिनं मनापासून हात जोडले.

दसऱ्याच्या सकाळी धुकं इतकं दाट की समोरचा गोठा दिसेना. सुदर्शन माणसं घेऊन जुन्नरच्या बाजाराला गेला होता, जेवायच्या वेळेला येणार होता. मोबाइल तेव्हा शहरात आले होते, घाटघरला त्यांचा पत्ता नव्हता. ओल्या हवेनं हौशीरामाचा दम वाढला, नाकात नळी असूनही खांदे वरखाली व्हायला लागले आणि बघता बघता चालू टाकीचा काटा तळाला गेला. प्राची घाबरली नाही. भरलेली टाकी होती. तिनं रिकाम्या टाकीचं रेग्युलेटर काढलं, नवीची माळ उतरवली आणि तोंडाला हात लावला.

बोट सरकलं.

तिनं बोट नाकाशी नेलं. शेंगदाण्याचं तेल. टाकीच्या तोंडात, आट्यांत, टाकी उघडायची किल्ली बसते त्या खुंटीवर, सगळीकडं. पांढऱ्या मलमाचा मागमूस नव्हता. तिनं हात झटकन मागं घेतला.

"आत्याबाई, याला तेल कुणी लावलं?"

"मीच की," साळुबाई सरळपणानं म्हणाली. "तोंडाला पांढरी बुरशी धरली व्हती. चिंचेनं घासून काढली आन् तेलाचा हात लावला. किल्लीलाबी लावलाय. मागल्या टायमाला लई जड गेली व्हती ना."

प्राची मागं सरली. चुलीवर कढई होती, खाली जाळ होता. तिनं पहिल्यांदा हंडा उचलून चुलीत पाणी ओतलं. घरभर राख उडाली, साळुबाई ओरडली, दसऱ्याची चूल विझवतेस का म्हणून. मग प्राचीनं जमेल तसं सांगितलं. पीयूषचे शब्द आठवत होते, पण मधले निसटत होते, भडका तेवढा आठवत होता. टाकी नुसती उभी असताना काही होतं का, की उघडल्यावरच होतं? तेही तिला धड आठवेना. टाकीकडं पाठ करायचीसुद्धा तिला भीती वाटत होती.

शेजारचा सोमाजी आरडाओरडा ऐकून आला. त्याला हे काही पटेना. बोटभर तेलानं कुठं लोखंड पेटतं का, असं म्हणत तो पुढं झाला. प्राची आडवी उभी राहिली. खाटेवर हौशीरामाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ निळे पडत होते, आणि सोमाजीची नजर स्पष्ट सांगत होती की ही पोरगी सासऱ्याचा जीव घेणार. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. पीयूषनं उगाच बाऊ केला असेल तर? काही झालंच नाही तर? आपण पुस्तकी शहाणपणापायी माणूस हवेवाचून मारतोय का? पण पाय जागचे हलेनात.

साळुबाई मात्र शांत झाली होती. तिनं पदर खोचला, फळीवरची किल्ली उचलली आणि खाटेशी आली.

"तेल मी लावलंय. किल्ली मीच फिरवते," ती म्हणाली. "प्राची, तू आन् सोमाजी भाऊजी, तुमी लांब व्हा. बांधाच्या पल्याड जा."

"आत्याबाई, नको."

"ह्यांचा जीव चाललाय पोरी. झालं काय तर आमा दोघांचं व्हईल."

प्राचीनं तिचा दंड धरला. साळुबाईनं तो हिसडला. त्या ओढाताणीत दोघींचंही हौशीरामाकडं लक्ष नव्हतं. तो अर्धा उठून बसला होता. त्यानं हात लांब करून बायकोच्या हातातली किल्ली काढून घेतली, मुठीत घट्ट दाबली आणि मूठ छातीशी धरली. बोलायला हवा नव्हती. चार वेळा श्वास ओढून त्यानं एकच शब्द बाहेर काढला.

"न्हाई."

साळुबाईचा हात धडधाकट होता, त्या वाळल्या बोटांतून किल्ली सोडवणं तिला अवघड नव्हतं. तिनं हात घातलाही. मग तिनं नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि खाली बसून रडायला लागली.

सोमाजी जीप गाठायला रस्त्याकडं पळाला. सुदर्शनची जीप येईपर्यंतचा वेळ प्राचीला पुढं कधीच नीट आठवला नाही. सासऱ्याच्या पाठीला पाठ लावून ती त्याला बसतं धरून होती आणि प्रत्येक श्वास सुटला की पुढचा येतो का याची वाट बघत होती, एवढंच. जुन्नरपर्यंतच्या रस्त्यात दोनदा तो आला नाही असं वाटून तिचं काळीज लक्कन हललं. सुदर्शन मागं वळून विचारायचा, "हायेत का?" आणि ती नुसती मान हलवायची.

दवाखान्यात नर्सबाई धावत आल्या, पडद्यामागून टाकी ओढली गेली, कुणीतरी मास्क पुढं केला. तेवढ्यात प्राचीची नजर हौशीरामाच्या मुठीवर गेली. बोटांच्या फटीतून तेलाचा पिवळा ओघळ मनगटावर आला होता.

"आधी हात धुवा त्यांचे! तेल आहे."

नर्सबाईंना ही पोर भ्रमिष्ट वाटली असेल. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्या वाद घालत बसल्या नाहीत. प्राचीनं सासऱ्याची मूठ उकलून किल्ली बाहेर फेकायला लावली, त्याचा हात साबणानं चोळला, मग आपले हात चोळले. मास्क लागला. नर्सबाई टाकी सुरू करताना प्राचीनं भिंतीला पाठ लावून कान झाकले. नुसता फुस्स आवाज झाला. हळूहळू हौशीरामाच्या ओठांचा निळा रंग उतरायला लागला आणि सुदर्शन बाकावर डोकं धरून बसला.

जीपमधून बरोबर आलेली साळुबाई आत आलीच नाही. ती दवाखान्याच्या मोरीपाशी उभी राहून हात धूत होती. साबण झाला, पाणी झालं, पुन्हा साबण. बोटांची कातडी पांढरी पडली तरी तिचं चालूच. शेवटी प्राचीनं नळ बंद करून तिला ओढत आणलं. हौशीराम डोळे उघडून बघत होता. त्यानं बायकोकडं हात केला.

साळुबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"प्राची," तिनं हळूच विचारलं, "धरू का गं ह्यांचा हात?"

प्राचीनं सासूचे हात पुढं घेऊन हुंगले. साबणाचाच वास होता. पण शेजारी टाकी चालू होती, मास्कमधून हवा सुटत होती, आणि धरा म्हणायला तिची जीभ रेटेना. तेवढ्यात हौशीरामानंच पुढं वाकून साळुबाईचं मनगट पकडलं. प्राचीनं भिऊन डोळे गच्च मिटून घेतले. मास्कमधली हवा तशीच सुटत राहिली.