पहिला घास कोण घेणार

तिखटमावशीचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. हे नाव तिला बालवाडीतल्या पोरांनी दिलं होतं, आणि ते तिच्या जिभेमुळे, स्वयंपाकामुळे नव्हे. चाळीस पोरांचं जेवण ती एकटी रांधायची. त्यात मोठ्या बाईंनी नवं खूळ काढलेलं, दर आठवड्याला एका परक्या देशाचं पौष्टिक ताट. भिंतीवर रंगीत तक्ता, तक्त्यावर झेंडा, झेंड्याखाली जीवनसत्त्वांची यादी! पोरं बिचारी काहीही वाढलं तरी चाटूनपुसून खायची.

एक सोडून. पिटुकली. चार वर्षांची, परदेशातून नुकतीच आलेली. तीन आठवड्यांत तिनं इथल्या अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. मांडीवर हात ठेवून बसायची, मावशीकडे टकामका बघायची, आणि घंटा झाली की ताट जसंच्या तसं परत. मावशीनं मीठ कमी केलं, भाज्या किसून घातल्या, नाना परी केल्या. काडीचा फरक नाही. "नखरे मेले, दुसरं काय!" म्हणून ती ताट ओढून घ्यायची आणि मग भांडी घासताना एकटीच चरफडत बसायची.

आज पिटुकलीच्याच देशाची पाळी होती. डाळ, पालेभाजी आणि दही एकत्र शिजवलेलं घट्टसर कालवण, वर भाजलेले तीळ. आजही ती जेवली नाही तर तिचं नाव पटावरून जाणार होतं. न जेवणाऱ्या मुलाची जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही, असं मोठ्या बाईंनी घरी पत्र धाडलं होतं. तीन आठवड्यांत घरी गेलेला हा पहिला शब्द! अहो, आधी तोंडानं विचारायला काय झालं होतं?

तेच पत्र घेऊन पिटुकलीची आजी जेवणाच्या जरा आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मावशी तिच्यावर तुटूनच पडली.

"आजी, ही घरी तरी जेवते का हो?"

"जेवते की. दोन-दोनदा मागून घेते."

"मग माझ्याच हाताला काय विष लागलंय?"

आजीनं पातेल्यात डोकावून बघितलं, चमच्यानं थोडं हातावर घेऊन चाखलं. "छान झालंय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "जेवताना तिच्याजवळ कोण बसतं?"

"बसतं म्हणजे?"

"मोठं माणूस. आमच्यात मोठ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पोर ताटाला हात लावत नाही. घरी सांगत होती, बालवाडीतली मोठी माणसं जेवतच नाहीत म्हणून. आम्हाला वाटलं, थापा मारतेय."

मावशीनं हातातला डाव पातेल्यात आपटला. पोरांच्या खोलीत नोकरमाणसांनी खायचं नाही, असा नियम मोठ्या बाईंनी दारावर ठळक अक्षरांत लावला होता. म्हणजे पोरगी रोज वाट बघत होती, आणि आपण तिच्यापुढचं ताट ओढत होतो! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या घालायच्या तर कोणाला? पहिली स्वतःलाच घातली.

पोरांना वाढून झाल्यावर तिनं स्वतःसाठीही ताट वाढून घेतलं आणि पिटुकलीशेजारच्या बुटक्या खुर्चीत कशीबशी स्वतःला कोंबून बसली. एक घास खाल्ला. पिटुकलीनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ताटात हात घातला. एक घास, दोन, चार. दारात आजी तोंडाला ओढणीचा पदर लावून उभी होती.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. "मावशी! हे काय चाललंय? नियम माहीत नाही का? उठा आधी!"

सवयीनं मावशी अर्धवट उठली. पिटुकलीनं लगेच हातातला घास ताटात ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मावशी धपकन खाली बसली.

"बाई, मी उठले की हिचं जेवण संपलं. तीन आठवडे आपण दोघींनी उपाशी ठेवलंय हिला. तुम्ही झेंडे लावलेत, मी तीळ भाजले, पण हिच्याजवळ बसायची अक्कल एकीलाही आली नाही. लाज वाटतेय मला. मला काढायचं तर काढा, पण हिचं जेवण होऊ द्या."

"आवाज खाली करा. आणि घंटेची वेळ झालीय."

"मग वाजवा घंटा. पण हिच्या ताटाला हात लावून दाखवा!"

मोठ्या बाई घंटेपाशी गेल्या, पण त्यांचा हात काही दोरीला लागला नाही. पिटुकलीनं दुसऱ्यांदा कालवण मागितलं. तिच्याबरोबर घास घेता घेता मावशीचं पोट कधीच भरलं होतं, आणि संतापानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी तिनं आधी आपल्या ताटात एक डाव वाढून घेतला, घास तोंडात कोंबला, आणि मग पोरीला वाढलं.