बिल्डचा हातगुण

त्या ऑफिसात बिल्ड पडला की कुणी चूक शोधत नसे, काकांना शोधत. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून एक चालतं सॉफ्टवेअर बांधणं. बटण दाबायचं आणि स्क्रीनवर हिरवं यायची वाट बघायची. एकाहून एक पदव्या घेतलेले इंजिनिअर आपापल्या नव्याकोऱ्या मशीनवर बटण दाबत आणि निम्म्या वेळा लाल बघत. मग कुणीतरी ओरडायचं, "अरे, काकांना दाबू द्या!" काका कोपऱ्यातल्या आपल्या जुनाट डबड्यावर बटण दाबत. डबडं कण्हत-कुथत चाले आणि शेवटी हिरवं दाखवे. दर वेळी. "काकांच्या हाताला गुण आहे," साहेब एकदा म्हणाले, आणि साहेबच म्हणाले म्हटल्यावर विषय संपला.

हळूहळू काकांची बाकीची कामं सुटली, बटण तेवढं उरलं. उद्याचं तंत्रज्ञान आजच विकणारे हे लोक, पण काकांना शिंक आली तरी यांची तोंडं पांढरीफटक! काकांना आधी हसू यायचं. पण रोज कुणी थोर म्हणायला लागलं की हसू आपोआप कमी होतं. शिवाय निवृत्ती जवळ आलेली, नवं शिकायचा कंटाळा. हातगुण गेला तर आपल्याला इथे कोण ठेवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी बायको मात्र म्हणायची, "एवढा गुण आहे तर बाथरूमचा नळ बघा की. तुम्ही हात लावल्यापासून जास्तच गळतोय."

मग कंत्राटावर एक मुलगी आली. महिनाअखेरीपर्यंत काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर नारळ, असा तिचा करार. ती बाकीच्यांसारखी काकांच्या हाताकडे बघेना, मशीनकडे बघू लागली. एक दिवस खुर्ची ओढून शेजारीच बसली.

"काका, तुमच्या मशीनला एका वेळी एकच काम जमतं ना?"

"म्हातारं झालंय गं ते."

"म्हणूनच हिरवं येतं! आपला तो लेक्सर जनरेटर आहे ना, नियमांची फाइल दिली की मजकुराचे शब्द सुटे करणारा कोड लिहून देणारा? आपल्याकडे नियमांच्या फाइली दोन. एक पावत्या वाचायची, एक पत्ते वाचायची. आणि या शहाण्याला खोड अशी, की काहीही लिहिलं तरी त्याच एका नावाच्या फाइलीत, त्याच फोल्डरमध्ये टाकायचं. नवी मशीनं दोन्ही कामं एकदम करतात, मग एकाचं लिखाण दुसऱ्यावर सांडतं. तुमचं मशीन बिचारं एकामागून एक करतं."

काकांनी बटणावरचा हात काढून घेतला. "मग आता?"

"जनरेटर थेट चालवायचाच नाही. मधे एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, ठेवायची. ती प्रत्येक कामाला वेगळं तात्पुरतं फोल्डर देते, जनरेटर तिथे चालवते, आणि बाहेर आलेल्या फाइलीला ठरलेलं नाव देऊन जागेवर आणून ठेवते. लिहिलीसुद्धा मी. चाळीसेक ओळी आहेत."

"छान," काका म्हणाले. दाढ काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावर माणूस म्हणतो ना, तसं.

स्क्रिप्ट बसली आणि सगळीकडे हिरवंच हिरवं. ज्याने त्याने दाबावं आणि हिरवं यावं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "काकांचा गुण आता अख्ख्या ऑफिसला लागला!" टाळ्या! काकांना मान टेकवायची सोय असलेली खुर्ची मिळाली. मुलीला साहेब म्हणाले, "तू काय केलंस? चाळीस ओळी? महिना संपला की बघू." या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. काकांनी नव्या खुर्चीला मान टेकवून बघितली.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि भांडं आपटलं. "त्या पोरीच्या पोटावर पाय देऊन खुर्चीत बसलात? लाज नाही वाटली?"

वाटली होती हो. चांगलीच वाटली होती.

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं: माझ्या हातात काही नाही, मशीन जुनं होतं, खरं काम त्या पोरीचं. साहेब कौतुकाने हसले. "मोठी माणसं अशीच बोलतात."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर तो विनय ठरतो. काकांनी मुलीला आत बोलावलं, साहेबांच्याच महागड्या मशीनवरून स्क्रिप्ट काढून टाकली आणि स्वतः बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. "बघितलंत? आता पोरी, तुझी स्क्रिप्ट परत लाव आणि तू दाब."

तिने लावली, दाबलं. हिरवं.

साहेब उठून उभे राहिले. स्क्रीनकडे बघितलं, काकांच्या हाताकडे बघितलं, मग मुलीच्या हाताकडे. काकांना वाटलं, पेटला एकदाचा दिवा.

"अरेरे," साहेब हळहळले, "काकांचा गुण गेला की! आणि हिच्या हाताला आलाय." लगेच त्यांनी फोन उचलला. "नवी मुलगी आहे ना, तिचं कायम नोकरीचं पत्र आत्ताच्या आत्ता पाठवा. हो, बिल्डचं बटण यापुढे तीच दाबेल. खुर्चीही तिलाच." फोन ठेवून ते काकांकडे वळले आणि मायेने म्हणाले, "तुम्ही खूप केलंत. या महिन्यानंतर घरी आराम करा."

काकांच्या मनात आलं, एवढी वर्षं काढली, आणि निरोप असा, उभ्या उभ्या. कारकून पत्र घेऊन आलाही. साहेब खिशात पेन चाचपू लागले.

मुलगी लालबुंद झाली होती. "सर, थांबा, हे हाताबिताचं काही नाहीये, ती स्क्रिप्ट..."

काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"गप बस पोरी," ते कुजबुजले, "आधी सही होऊ दे."